बियाणे गावाचे, नाव कुणाचे?

रोवणी सुरू झाली की धानोरा तालुक्यात माझी गाडी कुठल्या ना कुठल्या बांधीच्या धुऱ्यावर उभी असते. कुणाचा पऱ्हा पिवळा पडला, कुणाच्या बांधीत पाणी थांबत नाही, कुणाला वेळेवर खत मिळाले नाही, हीच आमची रोजची कामे. पण ‘हा धान तुमच्या घरी आला कुठून?’ हा प्रश्न इतक्या वर्षांच्या नोकरीत मी क्वचितच कुणाला विचारला. तो का विचारायला हवा, हे मला दादाजी खोब्रागडे यांच्या आयुष्याकडे पाहून कळले. आणि थोडे माझ्या स्वतःच्या चुकीमुळेही कळले.

दादाजी रामाजी खोब्रागडे हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातील नांदेडचे. मराठवाड्यातले नांदेड वेगळे, हे आपल्या झाडीपट्टीतले छोटे गाव. शिक्षण तिसरीपर्यंत, शेती दीड एकर. १९८३ साली ‘पटेल ३’ या वाणाच्या धानात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाण्यावर पिवळसर झाक होती. दुसरा कुणी असता तर कापणीत सगळे एकत्र करून मोकळा झाला असता. दादाजींनी त्या लोंब्या वेगळ्या काढल्या, वेगळ्या पेरल्या आणि वर्षामागून वर्षे निवड करीत राहिले. दाणा बारीक, भात खायला चांगला, उतारा चांगला. १९९० च्या सुमारास ते बियाणे गावातल्या इतर शेतकऱ्यांच्या बांधीत गेले आणि तिथून बाजारात. त्या काळी मनगटावर एचएमटीचे घड्याळ असणे म्हणजे मोठी गोष्ट. व्यापाऱ्याने धानाला तेच नाव देऊन टाकले. आज नागपूरपासून हैदराबादपर्यंत ‘एचएमटी तांदूळ’ मागणाऱ्या गिऱ्हाइकाला घड्याळ आठवत असेल, दादाजी आठवत नाहीत.

पुढे १९९८ साली ‘पीकेव्ही एचएमटी’ हा वाण कृषी विद्यापीठाच्या नावाने प्रसारित झाला. आम्ही मूळ बियाणे शुद्ध करून वाण तयार केला, असे विद्यापीठाचे म्हणणे. बियाणे आमच्याच घरून नेले आणि नाव मात्र राहिले नाही, असे दादाजींचे म्हणणे. शुद्धीकरणाला मेहनत लागते, हे मी शिकलेला माणूस म्हणून नाकारत नाही. पण शुद्ध करायला आधी काहीतरी असावे लागते. ते ज्याने तीन लोंब्यांतून उभे केले, त्याचे नाव वाणासोबत चालायला हवे होते. घराचा पाया एकाने घातला आणि प्लास्टर दुसऱ्याने केले, तर पाटीवर एकट्या प्लास्टरवाल्याचे नाव लावत नाहीत.

दादाजी हा वाद बोलत राहिले. मोर्चे काढणारे ते नव्हते, पण जो पत्रकार, अधिकारी वा पुढारी दारात येई, त्याला ते आपली गोष्ट सांगत. आणि तोंडाने बोलत असतानाच हाताने काम चालू ठेवीत. नांदेड चिन्नूर, नांदेड हिरा, विजय नांदेड, डीआरके असे आणखी वाण त्यांनी काढले. पहिल्यांदा बाजाराने नाव ठेवले, म्हणून पुढच्या वाणांत गावाचे नाव आले आणि एकात तर स्वतःच्या नावाची अक्षरेही. मला वाटते, त्यांची खरी तक्रार या नावांतच लिहिलेली आहे.

मान मिळाला. २००५ साली राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते राष्ट्रीय पुरस्कार झाला, २०१० साली ‘फोर्ब्स’च्या यादीत नाव आले. पण मानाने कोठी भरत नाही. दीड एकरात प्रयोगाचे वाफे पाडले की घरच्या भातात तेवढी तूट येते, हे कुठल्याही शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. ती तूट बायको, मुले, सुना सोसतात. प्रयोगशील शेतकऱ्याचा सत्कार करताना आपण एकट्यालाच शाल घालतो. त्याच्या घरच्यांनी वाफे राखले, बियाणे वाळवले, पाखरे हाकलली, याचा कुठे उल्लेख नसतो. अखेरची वर्षे आजारपणाची आणि ओढाताणीची गेली. ३ जून २०१८ रोजी दादाजी गेले. शेवटचे उपचार डॉ. अभय बंग यांच्या शोधग्राममध्ये झाले, म्हणजे आपल्याच धानोरा रस्त्यावर. मृग तोंडावर आला होता.

आता माझी चूक सांगतो. तालुक्यातल्या एका गावात एका म्हाताऱ्या बाईने मला आपल्या घरचा धान दाखवला. बुटका, लवकर येणारा, उंच बांधीत पाणी कमी पडले तरी तग धरणारा. ‘माह्या मायनं लग्नात देल्ला,’ म्हणाली. दोन ओंजळी धान तिने कापडात बांधून दिला. तपासणीला पाठवतो, म्हणून मी तो पिशवीत टाकला. ना तिचे नाव चिठ्ठीवर लिहिले, ना गावाचे, ना तारीख. कामाच्या गर्दीत पिशवी कपाटात राहिली आणि धानाला कीड लागली. पुढच्या हंगामात तिने विचारले, ‘साहेब, मी देल्ल्या धानाचं काय केलं जी तुमी?’ मला उत्तर देता आले नाही. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, पण दादाजींच्या बियाण्याचे जे झाले, त्याची सुरुवात अशाच बिनचिठ्ठीच्या पिशवीतून होते. पिशवी हरवली तर वाण जातो, आणि नाही हरवली तर नाव जाते.

१९८३ साली शेतकऱ्याच्या वाणाला कायद्याचा आधार नव्हता. आज आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला घरचे बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा, विकण्याचाही हक्क आहे. फक्त दुसऱ्याच्या नोंदणीकृत वाणाचे बियाणे छापील पिशवीत, ब्रँड लावून विकता येत नाही. आपला वाण आपल्या नावाने किंवा गावाच्या नावाने नोंदवता येतो आणि त्यासाठी शेतकऱ्याला नोंदणी शुल्क नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही असायला हवी. बऱ्याच ठिकाणी ही वही बाहेरच्या माणसाने एका दिवसात भरलेली असते. वड, पिंपळ, मोह सगळे आहे, पण कुणाच्या घरात कोणता धान आहे याची ओळ नाही.

‘वहीत लिहून पोट भरते काय?’ असे मला एका सरपंचांनी विचारले. प्रश्न बरोबर आहे. लगेच भरत नाही. पण आपल्याच तालुक्यातले मेंढा (लेखा) आठवा. जंगल पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या भोवतीच होते. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टरचा सामूहिक वनहक्क कागदावर आला आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडले. त्यानंतरच आपला बांबू आपण विकण्याची वाट मोकळी झाली. त्यामागे देवाजी तोफा आणि सगळ्या गावाने वर्षानुवर्षे केलेली चर्चा होती. जंगलाचे जे केले, ते बियाण्याचे का होऊ नये?

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. सुधारित वाण सोडा, असे मी म्हणत नाही. उतारा लागतोच. पण घरचा जुना धान बांधीच्या एका कोपऱ्यात दरवर्षी लावत राहा. वेगळी लोंबी दिसली तर तिला सूत बांधा, मळणीआधी वेगळी काढा, वेगळी वाळवा, पुढच्या वर्षी वेगळी पेरा. धान स्वतःच्याच परागाने दाणा धरतो, म्हणून निवड टिकते. दादाजींनी हेच केले. सरपंच आणि सचिवांनी येत्या ग्रामसभेत वाणांचा विषय घ्यावा आणि त्या दिवशी बायांना आवर्जून बोलवावे, कारण बियाण्याची कोठी त्यांच्या ताब्यात असते. नोंदणीचा अर्ज भरायला सोनापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारता येते.

आणि आम्ही खात्याच्या माणसांनी एक नियम स्वतःला लावून घ्यावा. कुणाच्या घरून मूठभर बियाणे उचलले तरी दोन चिठ्ठ्या लिहायच्या. एक पिशवीत, एक मालकाच्या हातात.

त्या आजीकडे मी परत गेलो. तिने पुन्हा ओंजळभर धान दिला, बोलली काही नाही. या वेळी चिठ्ठी लिहिली, तिचे नाव, तिच्या आईचे नाव आणि त्या आईचे माहेर. एक प्रत तिच्या हातात दिली. तिला वाचता येत नाही. तिने नातीला बोलावून ती मोठ्याने वाचायला लावली आणि मग बियाण्याच्या कोठीत ठेवली.