कच्च्या बाजूसकट विजेतेपद

एनबीएच्या प्लेऑफमध्ये एकाच प्रतिस्पर्ध्याशी सातपर्यंत सामने होतात, त्यामुळे खेळाडूची कच्ची बाजू फार काळ झाकून राहत नाही. तेव्हा मोठ्या खेळाडूने ती आधी घालवावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. यानिस आंतेतोकूंपोच्या बाबतीत तो मला पटत नाही. 2019 मध्ये टोरांटोने आणि 2020 मध्ये मायामीने त्याच्यापुढे बचावपटूंची भिंत उभी करून त्याच्या मिलवॉकी संघाला बाहेर काढलं. लांबचा नेम कच्चा, फ्री थ्रो बेभरवशाचे. 2021 मध्ये मिलवॉकीने विजेतेपद जिंकलं तेव्हाही यात फारसा फरक नव्हता. बदलला होता संघ. ज्रू हॉलिडे आला होता, आणि अंतिम फेरीच्या चौथ्या सामन्यात ख्रिस मिडलटनने 40 गुण केले. कुणी म्हणेल, फिनिक्सविरुद्धच्या निर्णायक सहाव्या सामन्यात यानिसने 50 गुण करताना 19 पैकी 17 फ्री थ्रो साधले, तो सरावच ना? पण त्या प्लेऑफमधलं त्याचं एकूण प्रमाण 60 टक्क्यांखालीच राहिलं. एका रात्रीवरून कौशल्यविकास सिद्ध होत नाही. (प्रेक्षक ओरडून त्याच्या फ्री थ्रोचे सेकंद मोजत असताना रेषेवर पुन्हापुन्हा जाण्याची हिंमत मात्र त्याचीच.) उशिरा शिकणारे असतातच: त्याच संघातल्या ब्रूक लोपेझने पहिल्या आठ हंगामांत तीन गुणांचे अवघे 3 बास्केट केले होते, नवव्यात शंभरावर केले. त्याचा फायदा यानिसलाच झाला, कारण लोपेझ बाहेर उभा राहिला की समोरच्या सेंटरला बास्केटजवळची जागा सोडावी लागे.