उपास म्हटलं तर काय बिघडलं?

गेल्या रमजानमध्ये गावी आलो होतो. आंदर मावळात, टाकव्याच्या पुढं, आमची मोजकीच घरं. चहा घेऊन आलेल्या शेजारणीला माझी खाला म्हणाली, "आज माझा उपास हाय." पुण्यात शिकणाऱ्या तिच्या नातवाने लगेच अडवलं. "दादी, उपास हिंदूंचा. सौम म्हण. आणि रमजान नाही, रमादान!" खाला ओशाळली. भातलावणीच्या चिखलात उभं राहून रोजे धरलेली बाई ती!

शुद्ध अरबीची ही हौस आखाताकडे बोट दाखवून केली जाते. मी सात वर्षं शारजात राहतोय, तेव्हा तिथलं ऐका.

माझ्या खोलीतले मल्याळी मुसलमान नमाजला 'निस्कारम' म्हणतात, रोजाला 'नोंबू' आणि ईदला 'पेरुन्नाळ'. केरळचे ख्रिस्तीही आपल्या उपवासाला नोंबू आणि चर्चच्या सणाला पेरुन्नाळच म्हणतात. तरी फजरला या मल्याळ्यांच्या आधी मी कधी उठलेलो नाही. ऑफिसात एक लेबनॉनचा माणूस वाक्यागणिक 'इन्शाअल्लाह' म्हणायचा. दोन महिने मी त्याला मुसलमान समजत होतो. निघाला ख्रिस्ती! अरबी बायबलातही देवाला 'अल्लाह'च म्हणतात. थोडक्यात, शब्द त्या मुलखाचे, तिथे राहणाऱ्या सगळ्यांचे.

आणि आपले नमाज, रोजा, खुदा, पैगंबर तरी कुठे अरबी आहेत? फारसी आहेत. तुर्कस्तानातही नमाजच म्हणतात. मग फारसी चालते आणि मराठीनेच विटाळ होतो, हा कुठला हिशोब? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 17व्या शतकात 'योगसंग्राम' लिहिला तो मराठीतच.

"मुसलमान असून मराठी किती छान बोलता!" असं कोणी म्हटलं की आपल्या कपाळावर आठी पडते. पडायलाच हवी. पण घरात दादीला सुधारणारा हा पोरगा वेगळं काय सांगतोय? मराठी तुमची नाही, हेच दोघांचं म्हणणं. बाहेरच्याला निदान उत्तर देता येतं. नातवापुढे म्हातारी गप्प बसते.

काल खालाचा फोन आला. आमच्याकडे चंद्र बहुतेक एक दिवस आधी दिसतो, म्हणून ती दरवर्षी विचारते. "तुमचा चांद झाला का रे? आमचा उपास परवापासून." 'उपास' म्हणताना तिने आवाज खाली घेतला. नातू घरात होता.