बरं दिसतं का?



औचित्य हा शब्द भाषणातला. गावात आपण म्हणतो, "बरं दिसतं का?" कुणी बांध कोरला, वजनकाट्यावर रांग मोडून गाडी पुढं घातली, की जुनी माणसं एवढंच विचारायची. माणूस ओशाळायचा. कलम दाखवावं लागत नसे.

पण हेच वाक्य आता भलत्या ठिकाणी ऐकू येते, म्हणून हा लेखनप्रपंच. वार्षिक सभेत एखाद्या तरुण सभासदाने तोडणी-वाहतुकीचा खर्च टनामागे का वाढला असे विचारले, की शेजारचा बाही ओढतो, "खाली बस, वडीलधाऱ्यांपुढं बरं दिसत नाही." आणि विषय वाचून होण्याआधीच "मंजूर, मंजूर" ओरडणाऱ्याला कुणी अडवत नाही. हे उलटे झाले. हिशेब विचारणे हा मालकाचा धर्म. न वाचता हात वर करणे हीच खरी बेअदबी. उत्तर न ऐकता माईक ओढणाराही त्याच माळेचा मणी.

प्रवरानगरचा पहिला हंगाम 1950-51 चा. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांचे भागभांडवल जमवले, पण अध्यक्षपदी बसवले अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांना. कष्ट आपले, तरी खुर्ची जाणत्याला. रीत म्हणतात ती याला.

आमचे सूस गाव 2021 साली पुणे महापालिकेत गेले. रानात इमारती उभ्या राहिल्या. काहींकडे आज भाग आहे, ऊस नाही. त्यांनी कसे वागावे? सवलतीच्या साखरेला पहिला नंबर आणि सभेला गैरहजर, हे बरं दिसत नाही. एका सभासदाला एक मत, हा सहकाराचा पाया. तो हक्क रानाबरोबर विकू नये, जरूर यावे. मात्र दराचा विषय निघाला की आधी ऊस घालणाऱ्याला बोलू द्यावे. नियमात हे लिहिलेले नाही, पण माणुसकीत आहे.

तेव्हा अहवाल हातात पडला की दोन संध्याकाळी बसून वाचा. शंका कागदावर लिहून आणा. नाव-गाव सांगून उभे राहा, उत्तर पुरते ऐका. मग मंजूर म्हणा, नाहीतर नामंजूर म्हणा. दोन्ही बरं दिसेल.

— एक सभासद, सूस (ता. मुळशी)