काळ्या कातडीवरचा क्षयरोग दिसत का नाही?

क्षयरोग म्हटला की खोकला, थुंकी आणि छातीचा एक्स-रे एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. हा रोग कातडीलाही होतो, हे आपल्या वस्त्यांत कुणी सांगितलेले नाही. एकूण क्षयरुग्णांत त्याचे प्रमाण शेकडा एक-दोन धरतात. भारतात दरवर्षी २५ लाखांहून अधिक लोकांना क्षयरोग होतो. आता हिशोब वाचकांनीच करावा.

आमच्या माणसाच्या मांडीवर किंवा कुल्ल्यावर एक चट्टा उठतो. दुखत नाही, मग मजुरी बुडवून दवाखान्यात कोण जाणार? तो एका कडेने पसरत राहतो, मागे व्रण सोडतो. मेडिकलवाला नायटा समजून स्टिरॉइडची ट्यूब देतो. कुणी कुष्ठरोगाची शंका काढतो आणि शेजारीपाजारी कुजबूज सुरू होते. अशी वर्षे जातात. वास्तविक सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होणारा हा रोग आहे!

डॉक्टरलाही तो का ओळखता येत नाही? कारण पुस्तके गोऱ्या कातडीवर लिहिली गेली. युरोपात हा चट्टा मुख्यतः चेहऱ्यावर, आपल्याकडे बहुधा पायांवर आणि कुल्ल्यावर. काचपट्टीने दाबले की सफरचंदाच्या जेलीसारखा रंग दिसतो, असे विद्यार्थी पाठ करतात. (ही जेली आमच्यापैकी किती जणांनी पाहिली आहे, ते सोडा.) काळ्या-सावळ्या कातडीत वरचे रंगद्रव्यच प्रकाश शोषून घेते, खालचा रंग झाकला जातो. फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली कातडीची वर्गवारी केली, तीही आधी गोऱ्यांपुरती. सावळ्या आणि काळ्या कातडीचे वर्ग नंतर जोडले गेले. मागून आलेल्यांना शेवटची पंगत, हे आम्हाला नवे नाही.

डर्मोस्कोप हे हातात मावणारे, दिवा बसवलेले भिंग सुमारे दहापट मोठे दाखवते. त्यातून पिवळट-नारिंगी डाग आणि फांद्यांसारख्या बारीक रक्तवाहिन्या दिसतात. पण काळ्या कातडीत वाहिन्या पुसट असतात. भिंग जोराने टेकवले तर त्या दिसेनाशाच होतात. मात्र त्याच दाबाने नारिंगी रंग उठून येतो. म्हणजे आधी हलक्या हाताने पाहायचे, मग दाबून. हे शिकवावे लागते. नुसते यंत्र घेऊन भागत नाही.

यंत्राची भलामण करण्याचा आमचा हेतू नाही. कुष्ठरोगातही असाच नारिंगी रंग दिसू शकतो. म्हणून चट्ट्याची संवेदना तपासणे, तुकडा काढून तपासणीला पाठवणे चुकत नाही. कातडीत जंतू थोडे असतात, त्यामुळे जंतू सापडले नाहीत म्हणून रोग नाही असेही ठरत नाही. भिंगाचा उपयोग एवढाच की कुणाचा तुकडा काढायचा आणि नेमका कुठून, हे लवकर कळते.

रंगावरून जात ठरत नाही. वंशाचा तो सिद्धांत बाबासाहेबांनी १९४६ सालीच ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात खोडून काढला आहे. सावळी कातडी सर्व जातींत आहे. पण दाटीची घरे, अर्धपोट जेवण आणि दूरचा दवाखाना कुणाच्या वाट्याला आहे? लंडनमध्ये मलोन मुक्वेंडे या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याने २०२० मध्ये शिक्षकांसोबत काळ्या-सावळ्या कातडीवरील लक्षणांची पुस्तिका काढली. तो तेव्हा शिकतच होता. आमची मुलेही आज वैद्यकीय महाविद्यालयांत आहेत. आपल्या बाह्यरुग्ण विभागातले चट्टे, रुग्णाची संमती घेऊन, टिपून ठेवायला त्यांनी कुणाच्या आदेशाची वाट का पाहावी?