पुतळे हसत नाहीत

लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये २०१२ साली उभारलेल्या, ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडच्या स्मारकात सात हवाई सैनिकांचे ब्राँझचे पुतळे आहेत. नुकतेच मोहिमेवरून परतलेले, दमलेले, गंभीर. शिल्प उत्तमच आहे. माझी तक्रार एवढीच, की त्या सातांपैकी एकालाही वीस-बावीस वर्षांचं पोर राहू दिलेलं नाही.

मी भारतीय हवाई दलात इंजिन फिटर होतो. नोकरी उडणाऱ्यांची वाट बघण्यात गेली. म्हणून दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश बॉम्बर तळांविषयी वाचताना लक्ष आधी ग्राउंड क्रूकडे जातं. ही मंडळी वैमानिकांना सुनवायची, विमान आमचं आहे, रात्रीपुरतं उसनं दिलंय, ओरखडा न पाडता परत आणा. यात चेष्टा किती आणि धास्ती किती, हे हँगरमध्ये राबलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

सैन्यात सगळं हुकमानं चालतं. या विमानांचे क्रू मात्र बहुतेक वेळा पोरांनीच जमवले. प्रशिक्षण केंद्रावर पायलट, नॅव्हिगेटर, बॉम्ब एमर, वायरलेस ऑपरेटर आणि गनर यांना एका हँगरमध्ये सोडायचं आणि तुमचं तुम्ही ठरवा म्हणायचं. कोणी गाव विचारलं, कोणाला कोणाचा चेहरा बरा वाटला, कोणी ‘आम्हाला गनर हवाय, येतोस का?’ म्हटलं, की जमलं. लँकेस्टर या बॉम्बर विमानासाठी फ्लाइट इंजिनिअर पुढे येऊन मिळायचा आणि सात जण पुरे व्हायचे. त्यांत इंग्रज असत, तसेच कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडचेही. ओळख तासाभराची आणि जीव एकमेकांच्या हाती.

विमानात गप्पांना मनाई. इंटरकॉमवर कामापुरतंच बोलायचं. शेपटाकडचा गनर तर तासन् तास एकटाच काकडत बसलेला. त्यामुळे सगळी थट्टा जमिनीवरच उरकायची. रेशनच्या त्या दिवसांत सामान्य ब्रिटिश माणसाला आठवड्याला जेमतेम एक अंडं मिळायचं, मोहिमेवर जाणाऱ्यांच्या ताटात मात्र अंडं आणि बेकन. मग टेबलावर ठरलेला प्रश्न यायचा, “आज तू परत आला नाहीस, तर तुझं अंडं मी खाऊ?” निघण्याआधी विमानाच्या शेपटीच्या चाकावर लघवी करायचा तोडगा कित्येक क्रू नेमानं पाळत. पार्टी रंगली की एखाद्याच्या तळपायांना काजळी फासून त्याला उलटा उचलायचे आणि मेसच्या छतावर पावलं उमटवायचे. इंग्लंडातल्या यॉर्कच्या बेट्टीज टी-रूममध्ये तेव्हाचा एक आरसा आहे. मुलीकडे गेलो होतो तेव्हा मुद्दाम जाऊन पाहिला. त्यावर शेकडो हवाई सैनिकांनी हिऱ्याच्या टोकानं आपापली नावं कोरलीत. वाकडीतिकडी, शाळेच्या बाकावर कर्कटकानं कोरावीत तशी. ती वाचताना मागे आपलाच चेहरा दिसतो, तोही म्हातारा.

ही पोरं बेफिकीर होती असं कोणी समजू नये. एका पाळीत साधारण तीस मोहिमा करायच्या असत. सुमारे सव्वा लाख जणांनी या दलात उड्डाण केलं, सगळे स्वखुशीनं आलेले. त्यांतले ५५ हजारांहून अधिक मेले. विमान परतलं नाही की खाटा रिकाम्या करायच्या, सामान बांधून न्यायचं, त्याच खाटांवर नवी पोरं यायची. दुखवटा पाळायला सवड नव्हती. तो त्यांनी अंड्याच्या विनोदात आधीच उरकलेला असायचा.

कोणी विचारील, खाली जर्मनीतलं हॅम्बुर्ग शहर जळत होतं त्याचं काय? रास्त प्रश्न आहे. जुलै १९४३ च्या हल्ल्यांत तिथं तीस हजारांहून अधिक माणसं मेली, बहुतेक सामान्य नागरिक. ते बॉम्ब याच पोरांनी टाकले. त्यांच्या खोड्यांनी तो हिशेब पुसला जात नाही आणि पुसूही नये. पण अंड्यावरून एकमेकांना चिडवणाऱ्या पोरांच्या हातून हे घडलं, हे कळल्यावर युद्ध माणसाकडून काय करवून घेतं याचा अंदाज येतो. नुसत्या वीरगाथेतून तो येत नाही.

मी सातारा जिल्ह्यातला. आमच्याकडे घरटी फौजी असलेली गावं आहेत. शहीद जवानाच्या श्रद्धांजलीची भाषणं मी खूप ऐकलीत. त्यांत तो वाघ असतो, सिंह असतो. बरॅकमध्ये तो कोणाचे बूट लपवायचा, कोणाच्या डब्यातले लाडू पळवायचा, हे कोणीच सांगत नाही. वाघ गेला की घोषणा होतात. पोरगं गेलं की प्रश्न पडतात, आणि ते पडायला हवेत.

म्हणून गावात सुट्टीवर आलेला जवान भेटला तर ‘किती मारले?’ असं विचारू नका. त्याच्या दोस्तांची नावं विचारा, त्यांच्या खोड्या विचारा. आणि कधी श्रद्धांजलीचं भाषण करायची वेळ आलीच, तर त्यातली एक तरी खोडी सांगा.