वय हा पुरावा नव्हे

आनंदनगर एमआयडीसी असो, मोरिवली असो नाहीतर पुढे बदलापूरची खरवई, कंपन्यांच्या गेटवर माजी सैनिक हमखास भेटतात. पस्तिशी-चाळिशीत फौजेतून बाहेर, पोरं अजून शाळेत, म्हणून मग पुढची वीसेक वर्षं बारा तासांची ड्यूटी. कुणाचा गुडघा गेलेला, कुणाला तोफखान्यात राहून एका कानाने कमी ऐकू येतं. यातल्या एखाद्याला डिसॅबिलिटी पेन्शनबद्दल विचारून बघा. बऱ्याचदा उत्तर येतं, "सोडा साहेब, आता या वयात कोण ऐकणार?"

मंडळी, आज या 'आता या वयात' बद्दलच लिहायचंय. कारण हे नुसतं थकलेल्या माणसाचं बोलणं नाही. आपल्या नियमांनी त्याला ते शिकवलंय.

आधी थोडक्यात नियम. जवान निवृत्त होताना मेडिकल बोर्ड बसतं. ते दोन गोष्टी ठरवतं. एक, अपंगत्व सेवेमुळे आलं का, किंवा सेवेमुळे वाढलं का. दोन, ते किती टक्के आहे. मुदत पूर्ण करून निवृत्त होणाऱ्याला हा लाभ मिळायचा तर पहिल्याचं उत्तर 'हो' हवं आणि दुसऱ्याचं निदान २० टक्के. १९ टक्के लिहिले तर हातात शून्य.

आता गंमत बघा. सैनिक भरती होतो तेव्हा त्याची कसून तपासणी होते. छाती, डोळे, कान, गुडघे, तळपाय, सगळं. म्हणजे आत येतानाची स्थिती सरकारने स्वतः तपासून 'ओके' केलेली असते. वीस वर्षांनी तोच माणूस बिघाड घेऊन बाहेर पडतो, तेव्हा मात्र कागदावर शेरा येऊ शकतो, सेवेशी संबंध नाही, आजार शरीरप्रकृतीचा. साध्या भाषेत सांगायचं तर, वय झालं की असं व्हायचंच!

धर्मवीर सिंग यांचा खटला याच मुद्द्यावर गाजला. ते १९८५ मध्ये सैन्यात आले आणि १९९४ मध्ये फेफऱ्याच्या आजारामुळे 'बोर्ड आऊट' झाले. अपंगत्व २० टक्के, पण सेवेशी संबंध नाही म्हणून पेन्शन नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ ला त्यांच्या बाजूने निकाल दिला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर नंतरचा बिघाड सेवेतलाच धरायचा, तसं नाही म्हणायचं असेल तर ते सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, आणि बोर्डाने आपली कारणं लिहून द्यायची. अगदी सरळ तर्क आहे हा. पण तो मान्य होईपर्यंत १९ वर्षं गेली होती.

ही वर्षं नुसती जात नाहीत, ती दाव्यातून वजा होतात. तरसेम सिंग १९८३ मध्ये वैद्यकीय कारणावरून सैन्याबाहेर पडले आणि १९९९ मध्ये कोर्टात गेले. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पेन्शन ही दर महिन्याला नव्याने देय होणारी गोष्ट आहे, म्हणून उशीर झाला तरी दावा मरत नाही. पण थकबाकी? ती अर्ज करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच. म्हणजे आधीची सुमारे तेरा वर्षं पाण्यात. पुढे कितीतरी प्रकरणांत याच निकालाचा आधार घेतला गेला.

पण मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. २००८ च्या पात्रता नियमांत सातवा नियम होता. त्याचा आशय असा, की दावेदाराला सहसा काही सिद्ध करावं लागणार नाही. मात्र सेवेतून बाहेर पडल्यावर १५ वर्षांनी दावा केला आणि तोवर त्याची सेवेतली कागदपत्रं ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट झालेली असली, तर सिद्ध करायची जबाबदारी दावेदाराची!

हिशोब करा. ३७ व्या वर्षी निवृत्त झालेला शिपाई १५ वर्षांनी ५२ चा होतो. विशी-तिशीत दुखावलेला गुडघा खरा त्रास द्यायला लागतो तो याच वयात. म्हणजे शरीरातला पुरावा दिसायला लागतो आणि कपाटातला पुरावा रद्दीत जातो. तोही कुणाच्या कपाटातला? ज्याने पैसे द्यायचे त्याच्या!

आमच्या धंद्यात सर्व्हरचे लॉग किती दिवस ठेवायचे हे ठरलेलं असतं. पण लॉग आम्हीच पुसायचे आणि मग ग्राहकाला म्हणायचं 'तुमची तक्रार खरी असल्याचा लॉग दाखवा', असं केलं तर ग्राहक दारात उभं करणार नाही. नोंदी ज्याच्या ताब्यात, त्या हरवल्याचा तोटाही त्याचाच. एवढं साधं तत्त्व आहे.

अमेरिकेत काय करतात? तिथल्या माजी सैनिकांच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलंय, की सेवेतून आलेल्या अपंगत्वाचं मोजमाप करताना वय विचारात घ्यायचं नाही. ना वाढवायला, ना कमी करायला. दावा करायला शेवटची तारीख नाही. त्रास वाढला की टक्केवारी वाढवून मागता येते. व्हिएतनामचं युद्ध १९७५ ला संपलं, आणि एजंट ऑरेंजशी संपर्क आलेल्यांचा रक्तदाब सेवेमुळेच आला असं गृहीत धरायचा कायदा २०२२ मध्ये झाला. ४७ वर्षांनी! तिथेही सगळं आलबेल नाही, पण उशिरा दिसणारी इजा ही इजाच असते, हे निदान मान्य आहे.

दुसरी बाजूही आहे, आणि ती खोटी नाही. चाळिशीनंतर रक्तदाब आणि मधुमेह कुणालाही होतो, एसीत बसून कोड लिहिणाऱ्या आम्हालाही. डिसॅबिलिटी पेन्शन घेऊन निवृत्त होणाऱ्यांचं प्रमाण जवानांपेक्षा अधिकाऱ्यांत बरंच जास्त असल्याचं 'कॅग'नेही २०२३ मध्ये दाखवलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नियम बदलले आणि ते अधिक कडक झाले. गैरवापर थांबायलाच हवा. पण नियम कडक केले की कोण अडतं? ज्याला फाइल कशी तयार करायची ते ठाऊक आहे, तो नाही. अडतो तो शिपाई, ज्याने बोर्डाचा कागद नीट वाचलेलाही नसतो.

मग करायचं काय? माझ्या मते तीन गोष्टी. निवृत्त होताना प्रत्येकाच्या हातात संपूर्ण मेडिकल फाइलची प्रत द्या. स्कॅन केली तर मोबाईलमधल्या एका व्हिडिओएवढी जागा लागेल. पेन्शन 'स्पर्श' प्रणालीवर ऑनलाइन आली, मग फाइल का नाही? दुसरं, नोंदी सरकारकडून नष्ट झाल्या असतील तर संशयाचा फायदा सैनिकाला. आणि तिसरं, २० टक्क्यांच्या खाली राहिलेल्यांची पन्नाशीनंतर एकदा आपणहून फेरतपासणी.

हे आत्ताच करायला हवं, कारण २०२२ पासून अग्निपथ योजना आलीय. चार वर्षांनी बहुतेक मुलं बाहेर पडणार, विशी-पंचविशीत, पेन्शनशिवाय. त्यांच्या गुडघ्यांना अजून पन्नास वर्षं काढायचीत, आणि त्यांचे कागद कोण सांभाळणार?

असो. तुमच्या ओळखीत कुणी असा माजी सैनिक असेल तर त्यांना एवढंच सांगा, की आधी बोर्डाचा कागद शोधा. सापडला नाही तर आपल्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहून प्रत मागा. ठाण्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथे विचारा. नकार आला तर मुंबईत सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत जायचं असतं, पण रास्त कारण असेल तर उशीर माफ होतो. थकबाकी कापली जाईल कदाचित, पण दावा वयाने मरत नाही. 'या वयात' म्हणून घरी बसलात, तर मात्र पुढचे महिनेही जातील.