ब्लेड नवं, तुरटी जुनी



दाढीला बसताना आपण एकच गोष्ट बघतो: कारागिराने कोरं ब्लेड काढलं का? एड्सच्या भीतीने ही सवय लावली आणि ती चांगलीच आहे. पण ब्लेड बदललं की रक्तातून पसरणाऱ्या रोगांचा प्रश्न मिटला, असा खोटा दिलासाही तिने दिला. ब्लेड अर्धं मोडून ज्या वस्तऱ्यात बसवतात, त्याच्या खाचेतलं रक्त कोण काढतं? मशीन एका मानेवरून दुसरीवर जाताना फार तर ब्रशने झटकलं जातं. आणि तुरटी? कापलं की रक्त थांबवायला तीच फिरवायची. म्हणजे थेट उघड्या जखमेला लागणारी वस्तू दिवसभर सगळ्यांना एकच. तुरटीने रक्त थांबतं, पण विषाणू मरेल याचा भरवसा नाही. जंतुनाशकाच्या पाण्यात कात्रीने मारलेली एक बुडीही तशीच, मनाचं समाधान.

कावीळ म्हटलं की आपल्याकडे दूषित पाणी आठवतं आणि लोक झाडपाल्याच्या औषधाला गाव गाठतात. पाण्यातून येते ती अ आणि ई प्रकारची. ब आणि क या प्रकारांचा मार्ग रक्ताचा. बाधित रक्ताची सुई टोचली, तर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास असते, कावीळ क ची शंभरात दोनच्या आसपास आणि लस न घेतलेल्या माणसाला कावीळ ब ची शंभरात तीसपर्यंत. हा ब विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. डोळ्यांना न दिसणारा थेंब त्याला पुरतो. बाधित माणूस वर्षानुवर्षं ठणठणीत दिसतो, डोळे पिवळे होतीलच असं नाही, आणि कळतं तेव्हा कधी कधी यकृत आक्रसलेलं असतं किंवा कर्करोग झालेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 2022 साली भारतात जवळपास तीन कोटी लोकांच्या शरीरात ब आणि पंचावन्न लाखांच्या शरीरात क विषाणू होता. ही माणसंही दाढी करतात.

आता यात सर्वांत जास्त कोण सापडतो ते पाहा. गिऱ्हाईक महिन्यातून एकदा-दोनदा खुर्चीत बसतं. खुर्चीमागचा कारागीर रोज माना आणि गाल हाताळतो. ब्लेड मोडताना, वापरलेलं उपसताना बोट त्याचं कापतं. दुकान झाडणाऱ्या पोराला आणि पुढे सफाई कामगाराला तेच ब्लेड कचऱ्यातून लागतं. कावीळ ब ची लस देशभरातल्या बाळांच्या सरकारी लसीकरणात 2011 पर्यंत आली. आज वस्तरा धरणारे बहुतेक हात त्याआधी जन्मलेले आहेत. रक्ताशी संबंध येतो म्हणून डॉक्टर-परिचारिकांना लस द्यावी, हे सरकारला पटतं. ज्याच्या हातात दिवसभर धारदार पातं असतं त्याच्याबद्दल मात्र ‘सलूनवाल्यांनी स्वच्छता पाळावी’ एवढा उपदेश. आमची मागणी साधी आहे: प्रत्येक महापालिकेने आणि नगरपालिकेने सलून कामगारांची मोफत तपासणी करावी आणि त्यांना लसीचे तिन्ही डोस द्यावेत.

यावर म्हटलं जाईल की कावीळ ब, क पसरण्यात सलूनचा वाटा लहान आहे. आईकडून बाळाला, असुरक्षित सुयांतून, तपासणी न झालेल्या रक्तातून जास्त पसरते. हे खरं आहे. पण वाटा लहान म्हणून ज्याचा रोजचा धोका मोठा त्याला वाऱ्यावर सोडायचं का? दुसरा आक्षेप असा की प्रौढाला ब झाली तरी बहुतेकांचं शरीर ती सहा महिन्यांत हटवतं. तेही खरं. परंतु क झालेल्यांपैकी साधारण सत्तर टक्क्यांत ती ठाण मांडून बसते आणि तिच्यावर लस नाही. लवकर कळली तर बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पंचाण्णव टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात, म्हणून तर तपासणी हवी. शिवाय याच वस्तऱ्याने बाळांचं जावळही काढलं जातं. तान्ह्या वयात ब ची लागण झाली आणि लस घेतलेली नसली, तर दहातल्या नऊ बाळांत ती कायमची राहते.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: अशाने एका समाजाच्या पारंपरिक धंद्याकडे बोट दाखवलं जाईल. म्हणूनच आम्ही छापे आणि दंड मागत नाही, लस मागतो. खर्चाची सबबही टिकत नाही. 1997 साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस आणली तेव्हापासून ती महाग राहिलेली नाही, आणि 2018 पासून राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रमात तपासणी व औषधं मोफत आहेत. जून 2020 मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीनंतर सलूनं उघडली, तेव्हा एकदाच वापरायचे टॉवेल आणि प्रत्येक गिऱ्हाइकानंतर निर्जंतुक केलेली हत्यारं हा नियम सरकारनेच घातला होता आणि कारागिरांनी पदरमोड करून तो पाळला होता. तेव्हा जमलं, कारण भीती पुढाऱ्यांनाही होती.

बहुतेक सलूनं सोमवारी बंद असतात. शिबिरं त्याच वारी ठेवा, नाहीतर रोजंदारीवरचा कारागीर येणार नाही. पहिल्या डोसनंतर महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा, त्याचं कार्ड जागीच हातात द्या. आणि गिऱ्हाइकांनो, तुरटीचा खडा नको म्हणा, तिची पूड स्वच्छ कापसावर मागा. दाढीचे चार पैसे जास्त द्या. मत मागायला येणाऱ्या नगरसेवकाला विचारा: आमच्या वॉर्डातल्या किती कारागिरांना लस मिळाली?